गमरे बाईंचा कानाचा तास

बायकांच्या पर्समध्ये काय काय सापडतं याची मला लग्नाआधीपासून थोडीफार कल्पना होती. पण स्क्रू ड्रायव्हर मी पहिल्यांदा गमरे बाईंच्या पर्समध्ये पाहिला. पिवळ्या मुठीचा, चांगला वीतभर लांब. मी शाळेत रुजू झालो त्या दिवशी बाई चित्रकलेच्या खोलीत स्टुलावर उभ्या राहून दाराची आतली कडी उचकटत होत्या. सुतार आला नसेल म्हणून बिचाऱ्या स्वतःच दुरुस्ती करतायत असं समजून मी धावलो. म्हटलं, "द्या बाई, मी बसवतो."

बाईंनी वरून माझ्याकडे पाहिलं, चार स्क्रू माझ्या तळहातावर ठेवले आणि म्हणाल्या, "बसवायची नाहीये, काढायचीय. नवीन का तुम्ही?"

सुलोचना गमरे आमच्या सुपरवायझर. शाळा मराठी माध्यमाची, मीरा रोडला, स्टेशनपासून शेअर रिक्षाने दहा मिनिटांवर. एका इमारतीच्या तळमजल्यावरचे गाळे आतून जोडून वर्ग केले होते आणि डोक्यावरचे मजले अजून बांधले जात होते. त्यामुळे पाढे म्हणताना मुलांना वरून हातोडीची साथ असे. अशा शाळेत शिस्त टिकवायची तर कुणीतरी खमकं लागतंच. बाई खमक्या होत्या, पण शिस्तीबद्दल त्यांना फारसं काही वाटत नसे. मुलं ओरडली, पळाली, बाकांवर चढली तरी चालेल. मात्र ज्या खोलीत मोठं माणूस आणि मूल एकत्र बसतं, तिला आतून कडी नको. खेळाच्या सामानाची खोली, प्रयोगशाळा म्हणून दाखवायचं ते कपाटाएवढं दालन, सगळीकडच्या कड्या गेल्या. शेवटी हेडमास्तरांच्या केबिनचीही गेली. त्याच वर्षी पंधरा ऑगस्टला हेडमास्तर झेंड्यासाठी नवा शर्ट घालत असताना मुलींचं लेझीम पथक "सर, सुरू करू का?" विचारायला थेट आत गेलं. सरांनी बनियनवर परवानगी दिली. पुढे ते दाराला खुर्ची लावू लागले, तर बाई म्हणाल्या, "खुर्ची पण नको, सर. शर्ट घरून घालून या."

पण कड्या म्हणजे काहीच नाही. बाईंचा खरा छंद म्हणजे कानाचा तास.

शनिवारी शाळा साडेअकराला सुटे. बारा वाजता चौथी ब मध्ये आम्ही जमायचं. आम्ही म्हणजे शिक्षक, क्लार्क, पाणी भरणारी काशीगावची शेवंता मावशी, वॉचमन यादवजी आणि मुलांना ने-आण करणारे सहा रिक्षावाले. सगळ्यांनी त्या बुटक्या बाकांवर गुडघे हनुवटीला लावून बसायचं. बाईंचं म्हणणं असं, की मुलाच्या आसपास जो जो मोठा माणूस आहे, त्याला ऐकता आलं पाहिजे. "गणित नंतर, राणे सर. आधी कान." गणित शिकवणाऱ्या माणसाला असं सांगितलं की त्याला काय वाटतं, ते सोडा.

हे त्या कुठून शिकल्या, कुणालाच नक्की ठाऊक नव्हतं. दादरला कुठल्याशा शिबिराला दोन दिवस जाऊन आल्या होत्या म्हणे. बाकीचं त्यांनी स्वतःच जुळवलं होतं. तेव्हा या विषयाला धड नावसुद्धा नव्हतं. मला बी.एड.ला फळा वरून खाली पुसायचा, आडवा नाही, हे परीक्षेसह शिकवलं गेलं होतं. पण एखादं मूल टेबलाशी येऊन घुटमळत उभं राहिलं तर काय करायचं, हे कुणी सांगितलं नव्हतं.

तासाची पद्धत अशी. एकाने शिक्षक होऊन टेबलाशी वह्या तपासत बसायचं. मग गमरे बाई मूल होऊन यायच्या. वय वर्षं आठ, नाव बेबी. मूल दुसऱ्या कुणी व्हायचं नाही, तो मान बाईंचाच. पंच्याऐंशी किलोची बेबी पदराचं टोक चावत, एका पायावर डोलत टेबलाशी यायची आणि म्हणायची, "सर, माझी पेन्सिल हरवली." मग डब्यातल्या भाजीबद्दल काहीतरी, मग रिबिनीबद्दल, मग वरच्या मजल्यावरच्या काकांच्या पोपटाबद्दल. हिला काहीतरी सांगायचंय आणि ते पेन्सिलीच्या मागे लपलंय, हे ओळखून समोरच्याने फक्त थांबायचं. तो चुकला की बेबी एका क्षणात सुपरवायझर होई आणि टेबलावर हात आपटून म्हणे, "गेलं दप्तरात!"

म्हणजे जे सांगायला मूल आलं होतं, ते पुन्हा दप्तरात घालून घेऊन गेलं. बाई हे वाक्य कुठेही वापरत. भाजीबाजारात एखादी आई पोराला "गप रे, नंतर" म्हणाली, की मेथीची जुडी हातात धरून बाई मोठ्याने म्हणत, "गेलं दप्तरात!" आपल्यालाच बोलल्या असं समजून भाजीवाली मेथी पुन्हा मोजून देई.

नापास व्हायच्या वाटा भरपूर होत्या. 'का' विचारलं, नापास. घड्याळ पाहिलं, नापास. "तुझा काहीतरी गैरसमज झाला असेल" म्हटलं, तर दोनदा नापास. आमच्या पी.टी.च्या सरांनी भावनेच्या भरात गळ्याला चिमटा काढून "देवाशपथ, कुणाला नाही सांगणार" म्हटलं, तेव्हा बाई उसळल्याच. "वचन द्यायचं नाही! कधीच नाही! त्याच दिवशी योग्य माणसाला सांगावं लागतं. मग मुलाच्या लेखी तुम्ही खोटारडे ठरता." लाल शाईने त्यांच्या नावापुढे शेरा पडला, 'वचन दिले'.

पहिल्या फटक्यात पास झाले फक्त यादवजी. जौनपूरचे, मराठी जेमतेम. गुडघ्यांवर हात ठेवून ते वीस मिनिटं बाईंच्या तोंडाकडे बघत राहिले आणि शेवटी हळूच म्हणाले, "अच्छा किया बिटिया, बता दिया." बाईंनी चष्मा पुसला आणि पास लिहिलं. आम्ही स्टाफरूममध्ये पोट धरून हसलो. ज्याला भाषा कळत नाही तो पहिला! शेवंता मावशी तर "मना न्हाय जमायचा, बाय" म्हणत पळ काढत होती. दुसऱ्या खेपेला तीही पास झाली. मग रिक्षावाले, क्लार्क, पी.टी.च्या सरांसकट बाकीचे शिक्षक. राहता राहिलो मी.

हसण्यावारी नेण्यासारखं हे माझ्यापुरतं नव्हतं. त्या तासाचा पास असल्याशिवाय नोकरीत कायम करायचं नाही, आणि कायम करण्याच्या पत्रावर गमरे बाईंची सही हवी, असं हेडमास्तरांनी ठरवून टाकलं होतं. बहुधा केबिनची कडी गेल्यापासून बसलेली बाईंची भीती. इकडे माझे होणारे सासरे ठाण्याचे, सरकारी नोकरीतले. जावई कायम झाल्याशिवाय मुहूर्त काढायचा नाही, यावर ते ठाम. लग्नाचे दोन मोसम असेच गेले. मी पीसीओवरून फोन केला की त्यांची मुलगी सुनीता विचारायची, "आता काय अडलंय?" आणि मी भर रस्त्यावर, मागे रांग असताना सांगायचो, "बेबीची पेन्सिल."

पहिल्यांदा मी विचारलं, "कुठे हरवली? का हरवली?" नापास. दुसऱ्यांदा छाती फुगवून म्हणालो, "घाबरू नकोस, त्या काकाला मी बघून घेतो!" बाई म्हणाल्या, "छान. आता बेबीला काकाची भीती आणि तुमची काळजी. नापास." तिसऱ्यांदा मी यादवजींची युक्ती केली, गुडघ्यांवर हात ठेवून मख्ख बसलो. दहा मिनिटांनी बाईंनी विचारलं, "मी आत्ता काय म्हणाले?" मी मनात हॉलचं बुकिंग करत होतो. शेरा पडला, 'गप्प बसले, ऐकले नाही'. इतका अचूक शेरा मला आयुष्यात पुढे फक्त बायकोने दिला.

बाईंचा मला तेव्हा भयंकर राग येई. पण त्याच सुमारास एक गोष्ट घडली. एक मुलगी मधल्या सुट्टीत पाण्याच्या पिंपाशी उगाच रेंगाळत होती. शेवंता मावशीने कळशी खाली ठेवली आणि तिच्या शेजारी फतकल मारून बसली. काही विचारलं नाही, नुसती बसली. त्याच दुपारी मावशी बाईंकडे गेली, बाई त्या मुलीच्या घरी गेल्या, आणि आठवड्याच्या आत जवळचा एक ट्यूशन क्लास कायमचा बंद झाला. बाई त्या आईवडिलांबरोबर पोलीस चौकीत तीन वेळा जाऊन आल्या. मुलगी कोण, हे आमच्यापैकी कुणाला कधी कळलं नाही. मावशीला खोदून विचारलं तर म्हणे, "मना काय म्हाईत? मी पानी भरतंय." त्यानंतर स्टाफरूममध्ये कानाच्या तासाला कुणी हसलं नाही. मीही नाही.

बाई निवृत्त व्हायला आल्या. एप्रिल अखेरचा शनिवार, त्यांचा शेवटचा. निकाल लागून गेले होते, शाळा रिकामी. सगळे पास झाल्यामुळे तासाला मी एकटाच. मे मधला मुहूर्त हातचा जाणार हे मी धरूनच चाललो होतो. सुनीतालाही तसं सांगून टाकलं होतं. त्यामुळे त्या दिवशी मला कसली घाई नव्हती, युक्त्याही नव्हत्या. मी टेबलाशी बसलो आणि बेबी आली.

"सर, माझी रिबिन हरवली."

मी वही मिटली.

"लाल होती. आईने दिवाळीला आणलेली." मग डबा, मग शेजारची यमू, मग पोपट. "काका पोपट दाखवायला बोलवतात. तो मिरची खातो." इथपर्यंत मला पाठ होतं. यापुढे बेबी माझ्याशी बोलताना कधी गेली नव्हती, कारण इथे येईपर्यंत मी नेहमी चुकलेला असायचो. मी थांबलो. बाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या.

"दार लावून घेतात. मला नाही आवडत. मी ओरडले होते, सर. पण खालून ट्राम जात होती."

मुंबईतली ट्राम मी पाहिलेलीसुद्धा नाही. मी कळता व्हायच्या आत ती बंद झाली. मीरा रोडच्या कुठल्या मुलीला ट्राम ठाऊक असणार? मला एकदम कळलं. समोरची बेबी कुणी रचलेली नव्हती.

पुढे त्या जे बोलल्या ते मी इथे लिहिणार नाही. थोडंच होतं, तुटक तुटक. मी काही विचारलं नाही. विचारायचं नाही हे आठवलं म्हणून नव्हे, मी ऐकत होतो म्हणून. त्यांचं बोलून झाल्यावर, ज्यांना तोवर कधी "अहो बाई" सोडून बोललो नव्हतो, त्यांना मी म्हणालो, "बरं केलंस सांगितलंस. तुझी काही चूक नाही."

बाईंनी मान हलवली. मग अगदी बारीक आवाजात म्हणाल्या, "आईला नका सांगू, सर. ती मलाच गप्प करते आणि मग रडत बसते."

नियम मला पाठ होता. झोपेत विचारला असता तरी सांगितला असता. पण अठ्ठावन्न वर्षांची ती लहान मुलगी माझ्याकडे बघत होती, आणि मी म्हणालो, "नाही सांगत. अगदी नाही."

 मग बाईंनी चष्मा काढला, पदराने डोळे पुसले, नाक शिंकरलं आणि लाल पेन उघडलं.

"वचन दिलंत, राणे. नापास."

"माहितेय, बाई."

"पुढच्या शनिवारी परत या."

"अहो, पण तुम्ही तर आता रिटायर..."

"मग काय झालं? माझं घर काय लंडनला आहे? चार वाजता या. चहा पिऊन येऊ नका."

सोमवारी मी पडेल चेहऱ्याने ऑफिसात गेलो, तर क्लार्कने कायम झाल्याचं पत्र पुढे सरकवलं. खाली बाईंची सही होती. म्हटलं, ही कधी झाली? क्लार्क म्हणाला, "शनिवारी सकाळीच. शाळेत आल्या आल्या सही करून टाकली बाईंनी. तुम्ही बारानंतर कशाला थांबला होतात?"

मे मध्ये माझं लग्न झालं. बाईंनी आहेरात कुकर दिला. हे सगळं लिहू का, असं मी परवा त्यांना विचारलं, तर म्हणाल्या, "लिहा. ट्रामचं पण लिहा. कुणीतरी वाचून वही मिटेल."

दर शनिवारी चार वाजता मी त्यांच्याकडे जातो. दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, एकच खुर्ची होती. माझ्यासाठी त्यांनी दुसरी आणली. चहा होतो, मग बाई बोलतात. यमूबद्दल, चाळीबद्दल, आईबद्दल. कधी नुसतंच भाजी कशी महागली याबद्दल. मी ऐकतो. सहा वाजले की त्या माझ्याकडे बघून, खूप विचार केल्यासारखं करून निकाल देतात. गेली पाच वर्षं मी न चुकता नापास होतोय, आणि नापास झालं की पुढच्या शनिवारी यावंच लागतं.