गावंडे सरांची टक्कर

गावंडे सरांकडे हवा भरायचा पंप कुणी मागू नये. मी मागितला.

सर कॉलेजात माझे फिजिक्सचे मास्तर होते, आता अमरावतीत शेजारी आहेत. पंप घेऊन बाहेर आले, पण लगेच हातात देतील तर ते गावंडे सर कसले. "टायरमंधी दाब येते कुठून, ते सांग आधी," म्हणाले आणि स्वतःच हवेचा रेणू झाले. लुंगीतच अंगणाच्या एका भिंतीकडून दुसरीकडे ताडताड गेले, भिंतीवर तळहात आपटला आणि तसेच मागे फिरले.

"वेग तोच, दिशा उलटी. संवेग कितीनं बदलला?"

"दोन एमव्ही." ऑफिसला उशीर होत होता, पण पन्नाशीतही त्यांच्यापुढे चुकायची मला भीती वाटते.

"आन् त्याच भिंतीवर परत यायले वेळ?"

"दोन एल भागिले व्ही."

"मंग भाग न!"

भागलं. बल निघालं. पण रेणू काय एकाच दिशेनं पळते काय बे, म्हणून तीन दिशांचं एक तृतीयांश आलं, आणि मग कुठे पंप मिळाला. "ध्यानात ठेव, टक्कर इलॅस्टिक धरली, म्हंजे रेणू भिंतीपाशी काहीच सोडून येत नाही, म्हणून जमलं."

नात झाली तशा गावंडे काकू अकोल्याला लेकीकडे राहायला गेल्या. तेव्हापासून सरांचं दर रविवारी सकाळी अकोला, संध्याकाळच्या बसनं परत.

"काहून, सर? जावई राहा म्हणत नाही काय?"

"म्हणते न. पण बाप लेकीच्या घरी मुक्काम करत नसते. भिंतीले हात लावला, फिरलो."

हसायचे. पण परत आले की चहात बुडवून बिस्किटं खायचे आणि तसेच झोपायचे, हे मला दिसायचं. जीव तुटायचा.

परवाच्या रविवारी संध्याकाळी अकोल्याच्या स्टँडवरून त्यांचा फोन आला. "उद्या माह्या झाडायले पाणी टाकजो."

"बस चुकली काय, सर?"

"नाई, समोरच उभी आहे. तुही काकू पोरीले सांगून राहिली होती, मी ऐकलं. रविवारी रातच्याले कुकर लावते त माह्या वाटचा तांदूळ पडतेच म्हणे तिच्या हातून. मंग सकाळी त्याच भाताले फोडणी देऊन खाते."

"मंग टक्कर, सर?"

"इलॅस्टिक नव्हती बे. मीच उगाच धरून चाललो होतो."

मागे कंडक्टरनं बस सुटायची घंटी दिली. सर फोनवरच होते.