तुटीच्या दोन वह्या

आमच्या खालच्या मजल्यावरच्या अण्णा जोगळेकरांना सरकारी तूट चालते की नाही, हे दिल्लीत कोणाचं सरकार आहे ते पाहूनच सांगता येतं. त्यांच्या पक्षाचं असलं, की तूट म्हणजे "भांडवल, वहिनी. पेरायला बी लागतं." दुसऱ्या पक्षाचं असलं, की तीच तूट म्हणजे "नातवंडांच्या ताटातला घास".

मुलांनो, तुमच्या ताटाची एवढी काळजी वाहणारा हा माणूस गणिताचा निवृत्त शिक्षक. धाकट्याला आठवत असेल, बिस्किट हातात देण्याआधी त्यांनी विचारलं होतं, "मिळकतीपेक्षा खर्च जास्त झाला, तर उरतं काय?" धाकटा म्हणाला, "बिस्किट." अण्णा दोन दिवस आमच्याशी बोलले नाहीत.

वादासाठी त्यांचा गडी ठरलेला. समोरचे रशीदभाई, कसबा पेठेतले जुने पुस्तकबांधणीवाले आणि दुसऱ्या पक्षाचे कट्टर. रोज सकाळी अण्णा पेपर घेऊन त्यांच्या दुकानाच्या पायरीवर बसत.

"मास्तर असून हिशेब चुकतो तुमचा, अण्णा."

"तुम्ही पुठ्ठे बांधा, रशीदभाई. देश बांधायला आम्ही आहोत."

मग एकदा सरकार बदललं. बांधायला टाकलेला शब्दकोश आणायला मी दुकानात गेले, तर रशीदभाई गंभीरपणे सांगत होते, "भांडवल असतं ते, अण्णा. पेरायला बी लागतं." आणि अण्णा नातवंडांच्या घासावर आले होते. शब्दसुद्धा तेच. मी शब्दकोश छातीशी धरून उभीच राहिले. तेवढ्यात रशीदभाईंनी फळीवरून निळी कापडी वही काढून अण्णांना दिली, अण्णांनी पिशवीतून लाल काढून त्यांना दिली, आणि दोघांनी चहा मागवला.

वह्या रशीदभाईंनीच बांधलेल्या, कात्रणं दोघांनी चिकटवलेली. लाल वहीत तूट कशी हितकारक, निळीत तूट कशी घातक. सरकार बदललं की वह्यांची अदलाबदल.

माझे हातरुमालदेखील रंगवार लावलेले असतात. मला हे पचेना. मी म्हटलं, "अहो अण्णा, मग तुमचं स्वतःचं मत काय?"

"माझं मत," अण्णा म्हणाले, "रशीदभाईंच्या विरुद्ध."

गेल्या वर्षी रशीदभाईंना अर्धांगवायूचा झटका आला. मुलाने त्यांना वाघोलीला आपल्या घरी नेलं. त्यांना समजतं सगळं, पण वाचा गेली. उरला तो एकच शब्द, "नाही". डॉक्टरांनी बजावलं होतं, बोलतं ठेवा, नाहीतर हाही शब्द जाईल. अण्णा आठवड्यातून दोनदा बसने वाघोलीला जाऊ लागले.

मागच्या गुरुवारी मीही गेले, मुगाची खिचडी घेऊन. रशीदभाई पलंगावर उशीला टेकून बसले होते. सध्या सरकार त्यांच्या पक्षाचं, म्हणून लाल वही त्यांच्या उशाशी. अण्णांनी "कसे आहात" वगैरे काही विचारलं नाही. निळी वही उघडली आणि आवाज चढवला.

"तुमच्या सरकारने देश बुडवला."

"नाही," रशीदभाई पुटपुटले.

"ही तूट म्हणजे नातवंडांच्या ताटातला घास आहे."

"नाही." आता जरा मोठ्याने.

"आणि तुमच्या अर्थमंत्र्यांना माझ्या पाचवीच्या वर्गात बसवायला हवं."

"नाही." या वेळी त्यांची मान उशीवरून उचलली गेली.

आजारी माणसाशी असं वागणं मी जन्मात पाहिलं नव्हतं. मी अण्णांची बाही ओढली. "अहो, काय चालवलंय हे?"

अण्णा हळूच म्हणाले, "घरातले सगळे त्यांना हो हो म्हणतात, वहिनी. मग त्यांनी बोलायचं कशाला?"

मी त्यांची बाही सोडली.

निळी वही शेवटच्या पानापर्यंत गेली. प्रत्येक कात्रणाला "नाही" मिळालं. अण्णांनी वही मिटून पलंगावर ठेवली आणि तीस वर्षांत मी कधी ऐकलं नव्हतं ते म्हणाले, "हरलो मी, रशीदभाई."

रशीदभाईंनी चालत्या हाताने वही त्यांच्याकडे परत सरकवली.

"नाही," ते म्हणाले.

अण्णांनी निळी वही पुन्हा पहिल्या पानावर उघडली. खिचडी गार होत होती. मी डब्यावर पुन्हा झाकण ठेवलं.