सर्व संगणक फिरोज

टोमॅटो कोणासाठी थांबत नाही.

अध्यक्षांच्या पुतण्याच्या मॅकवर यापुढे हळदीकुंकू वाहू नये, अशी सूचना दसऱ्यानंतर लावण्यात आली.

लिनक्सला मोठा एफ आणि लहान एफ ही दोन वेगळी माणसं वाटतात.

परभणीत डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "यावेळी नवऱ्याला जवळ ठेवा."

रेघ डावीकडे झुकली की गेट बंद.

सूचक : शहादेवअण्णा. अनुमोदक : फिरोज, फिरोज आणि फिरोज.

जे चालू आहे त्याला हात लावू नये, या एका तत्त्वावर जगातल्या बहुतेक संस्था उभ्या आहेत. ज्यांनी हात लावला त्या संस्था आज कुठे आहेत हे कोणालाच सांगता येत नाही. ज्यांनी लावला नाही त्यांचा पत्ता मात्र आहे. त्यातल्या एका संस्थेचा पत्ता : सिंदफणा नाशवंत माल सहकारी संघ, जुना मोंढा, माजलगाव.

संघाचे काम साधे आहे. भाजी-फळांचे टेम्पो गेटवर येतात, त्यांना नंबर द्यायचा, नंबराप्रमाणे आत सोडायचे. पूर्वी हे काम आरडाओरडा करून होत असे आणि उत्तम होत असे. नंतर संघाने 'गेटनंबर' नावाचा प्रोग्राम करून घेतला. तो फिरोज शेख या एकमेव संगणक अभियंत्याने लिहिला.

प्रोग्राम लिहून झाला म्हणजे चालतो, असा अडाण्यांचा समज असतो. लिहिलेला प्रोग्राम म्हणजे गहू. मशीनला गहू चालत नाही, पीठ लागते. दळण्याच्या या क्रियेला बिल्ड म्हणतात. संघात मशीन तीन जातींची, त्यामुळे गिरण्याही तीन : ऑफिसात विंडोज (आधीपासून होते म्हणून), गेटवर लिनक्स (फुकट मिळते म्हणून) आणि अध्यक्ष शहादेवअण्णांच्या आयफोनसाठी त्यांच्या पुतण्याचा मॅक (पुतण्या आहे म्हणून). गहू तोच, पण एका गिरणीचे पीठ दुसऱ्या घरी चालत नाही. यालाच तज्ज्ञ लोक सर्व मशीनवर चालणारा प्रोग्राम म्हणतात.

आता मुद्द्याची गोष्ट. फिरोज यांनी घाईच्या एका सीझनमध्ये प्रोग्रामात एक ओळ लिहिली होती. दळणाला लागणारी एक गोष्ट कुठे ठेवली आहे, ते त्या ओळीत होते. ती गोष्ट फिरोज यांच्या नावाच्या खात्यात, डेस्कटॉपवर, 'नवीन फोल्डर (३)' मध्ये, 'चालू' या फोल्डरात होती. म्हणजे ज्या मशीनवर फिरोज नावाचे खाते असेल तिथेच दळण होणार. इतर कोणी बसले की मशीन म्हणे, असा फोल्डर नाही. यात मशीन खोटे बोलत नव्हते.

(आमच्या पाहणीनुसार जिल्ह्यातील शंभरातल्या ब्याण्णव संगणकांवर 'नवीन फोल्डर' आहे. सहांवर तो दोनदा आहे. उरलेले दोन संगणक बंद होते.)

असे सहा सीझन सुरळीत गेले. मग फिरोज यांनी कार्यमुक्तीचा अर्ज दिला.

"काहून जातो रं?" शहादेवअण्णांनी विचारले. रागाने नव्हे. टोमॅटोच्या सीझनमध्ये एखादा माणूस जाऊ इच्छितो याचे त्यांना खरेच नवल वाटले होते.

"अन्ना, अल्मासला सातवा लागलाय. परभनीला हाय, तिच्या अम्मीकडं. डाक्टरनी बोलली, जवळ ऱ्हावा म्हून. मला तिकडं कामबी मिळालंय."

"बाळंत ती व्हनार. तू काय करनार तिथं?"

"बसनार, अन्ना. नुसतं बसनार."

"मग हितं बस की. हितं खुर्ची हाय."

"मागल्या वक्ताला हितंच बसलो व्हतो," फिरोज म्हणाले.

मागच्या वेळचे सर्वांना माहीत होते. मागच्या वेळी अल्मासचे बाळ राहिले नाही. त्या दिवशी फिरोज गेटच्या मशीनवर बिल्ड करत होते. (बिल्ड यशस्वी झाले.)

संघ माणुसकीला धरून चालणारा आहे. त्याने अर्ज नाकारला नाही, त्यावर कार्यवाही सुरू केली. फिरोज यांना सोडायचे तर त्यांच्या जागी माणूस हवा. माणूस नेमायचा तर जागा रिकामी हवी. जागा रिकामी व्हायची तर फिरोज यांना सोडायला हवे. व्यवस्थापक माऊलीसाहेबांनी ही साखळी फळ्यावर काढून पाहिली, ती गोल निघाली. गोल वस्तूला टोक नसते, त्यामुळे कुठून धरायची हा प्रश्न उरला. प्रोग्रामातही असे होते : पहिल्याला दुसरे लागते, दुसऱ्याला पहिले. फरक इतकाच की मशीन अशा वेळी चूक दाखवून थांबते. संघ थांबला नाही. त्याने जाहिरात दिली.

'पाहिजे : एक फिरोज. शैक्षणिक पात्रतेत सवलत. नावात सवलत नाही.'

तिघे आले. पहिले मोंढ्यातले पपईवाले फिरोजभाई. दुसरे चकलांब्याचे ट्रॅक्टर दुरुस्त करणारे फिरोज. तिसरे बंकट, जे नाव बदलायला तयार होते.

"तुमचा एफ मोठा की लहान?" माऊलीसाहेबांनी पपईवाल्यांना विचारले. लिनक्समुळे हा प्रश्न कळीचा होता.

"आमच्या उर्दूत फे असतो, सायेब," पपईवाले म्हणाले. "त्याला मोठं-लहान न्हाई. तराजू माझा आनायचा का तुमचा हाय?"

ट्रॅक्टरवाल्या फिरोजना मशीन दाखवले. त्यांनी ते मागून-पुढून पाहिले, ऑइल कुठे टाकता ते विचारले आणि हे आपल्याच्याने व्हायचे नाही असे सांगून ते सन्मानाने निघून गेले. बंकट यांचे नाव बदलून यायला राजपत्रात वेळ लागणार होता. निवड समितीने कोणालाही अपात्र ठरवले नाही (संघ कोणाला दुखवत नाही) आणि कोणालाही नेमले नाही.

त्याऐवजी राजश्री वाघमारे यांना घेण्यात आले. त्या लिंबागणेशच्या, अभियांत्रिकीची पदवी घेतलेल्या, पुण्यात काही वर्षे काम करून आलेल्या. त्यांच्या नेमणूकपत्रात पदनाम होते : अभियंता (फिरोजव्यतिरिक्त).

राजश्रीताईंनी प्रोग्राम उघडला, ती ओळ पाहिली आणि म्हणाल्या, "फिरोजभाई, हे काय लिहून ठेवलंय?"

"लिव्हलं तवा लई घाई व्हती, ताई."

"मग नंतर बदललं का नाही?"

"तीनदा सांगितलं त्यास्नी. बोलले, चालू हाय ना?"

ताईंनी ओळ बदलली. आता ती कोणाच्या नावाचे खाते शोधत नव्हती, प्रोग्रामच्या शेजारीच पाहत होती. तिन्ही गिरण्यांवर दळण झाले. विंडोज चालले, लिनक्स चालले, मॅकही चालला. फिरोज यांनी खुर्ची मागे सरकवली आणि पिशवी खांद्याला लावली.

तेवढ्यात माऊलीसाहेब आले.

"कोनाच्या परवानगीनं?"

आणि हा प्रश्न रास्त होता. 'गेटनंबर' हा प्रोग्राम वार्षिक सर्वसाधारण सभेत सर्वानुमते मंजूर झाला होता, त्यातील प्रत्येक ओळीसह. सभेने मंजूर केलेली ओळ कर्मचाऱ्याने बदलली, तर उद्या कोणी सभेचा चहाही बदलेल. ओळ तत्काळ पूर्ववत करण्याचा लेखी आदेश निघाला. राजश्रीताईंनी ती पूर्ववत केली. फिरोज यांनी पिशवी खाली ठेवली.

संचालक मंडळाची तातडीची बैठक बोलावण्यात आली. तिथे प्रथम रेघेचा विषय निघाला. फोल्डरांच्या नावांमध्ये एक तिरपी रेघ असते. विंडोजमध्ये ती डावीकडे झुकते, बाकी दोघांत उजवीकडे. दोन्ही बाजूंनी कडाक्याची भाषणे झाली. शेवटी अण्णांनी मार्ग काढला : संघ कोणत्याही बाजूला झुकलेला नाही, तेव्हा रेघ उभी असावी. तसे करून पाहण्यात आले. तिन्ही मशीन एकाच वेळी बंद पडली. (तिन्ही मशीनचे वर्तन एकसारखे असण्याची ही पहिलीच वेळ होती. संघाने सर्वांचे अभिनंदन केले.)

रेघ पूर्ववत झाली. मग संचालिका सिंधुबाई उठल्या.

"अन्ना, सोडा की त्या पोराला. बायको पोटुशी हाय त्याची, आन तुमी खुट्ट्याला बांधून ठिवलाय त्याला."

"सिंधुबाई, त्याला सोडलं तर गेट बंद पडंल. गेट बंद पडलं तर माल सडंल. माल सडला तर पोटुशी बाई खाईल काय?"

"त्येच्या घरी काय फकस्त टमाटे खातेत का?"

हा प्रश्न विषयपत्रिकेवर नव्हता.

राजश्रीताई दाराशी उभ्या होत्या. त्यांचा संयम सुटला. "अहो अण्णा, ओळ बदलायची नाही, माणूस सोडायचा नाही. मग एक करा ना. सगळ्या संगणकांचंच नाव फिरोज ठेवा!"

अण्णांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"हे बरं हाय," ते म्हणाले.

ठराव असा : संघाच्या सर्व संगणकांवर एकच खाते राहील व त्याचे नाव फिरोज राहील. गेटवर लहान एफचा, अन्यत्र मोठ्या एफचा. कोणत्याही संगणकाला वेगळी वागणूक मिळू नये म्हणून वजनकाट्याचा, आवक-जावक विभागाचा व पाण्याच्या टाकीचा संगणकही फिरोज राहील. ठराव सर्वानुमते मंजूर झाला. राजश्रीताई संघात आल्यापासून प्रथमच हसल्या आणि लगेच कामाला लागल्या.

परिणाम डोळे दिपवणारे होते. संघात हजेरी संगणकावर लागते. ज्या नावाने संगणक सुरू होतो, तो माणूस हजर. ठरावानंतर पहिल्याच आठवड्यात फिरोज यांची हजेरी पूर्ण भरली. ते गेटवर हजर होते, त्याच क्षणी वजनकाट्यावर हजर होते आणि पाण्याच्या टाकीवरही हजर होते. रविवारी टाकी कोणी बंद केली नाही, तेव्हा ते रविवारीही हजर राहिले. माऊलीसाहेबांनी इतर कर्मचाऱ्यांना फिरोज यांचा आदर्श घेण्यास सांगितले. इतर कर्मचारी आता हजेरीत दिसतच नव्हते, कारण तेही फिरोज होते.

तक्रारी थांबल्या. टेम्पोचा नंबर चुकला की विचारणा व्हायची, कोणी केले? उत्तर यायचे, फिरोज. दुरुस्त कोणी केले? फिरोज. गुन्हा आणि बक्षीस एकाच माणसाच्या नावे पडल्याने हिशेब जागच्या जागी मिटत असे. जिल्ह्यातून एक शिष्टमंडळ ही पद्धत पाहायला आले. त्यांना चहा देण्यात आला (चहाची नोंद : फिरोज).

मध्यंतरी फिरोज यांचा राजीनामा टपालाने आला. आवक विभागाच्या संगणकावर तो फिरोज यांनी स्वीकारला. ज्याने दिला त्यानेच परत घेतला, असे समजून तो दप्तरी दाखल झाला. परभणीहून एक-दोनदा फोन आले. ते ज्या संगणकाशेजारी वाजले, तिथे फिरोज हजर असल्याची नोंद सापडली. म्हणजे निरोप पोचलाच असणार.

सर्वसाधारण सभेत अण्णांनी फिरोज यांच्या गौरवाचा ठराव मांडला. घरची अडचण बाजूला सारून त्यांनी सीझन तडीस नेला, एका दिवसाचीही रजा घेतली नाही, असे अण्णांनी सांगितले. फिरोज, फिरोज आणि फिरोज यांनी अनुमोदन दिले. शाल व नारळ गेटच्या मशीनवर ठेवण्यात आले. (ओळ बदलण्याचा विषय वेळेअभावी पुढच्या सभेकडे गेला.) सिंधुबाई उठून काहीतरी विचारणार होत्या, पण तेवढ्यात राष्ट्रगीत सुरू झाले.

संघ आंधळा आहे, असे आपणास वाटत असेल. तसे वाटून घेण्याचा आपणास अधिकार आहे. फक्त एवढेच पाहावे की सर्व संगणकांचे नाव बदलल्यापासून या गोष्टीत फिरोज यांनी एक अक्षरही उच्चारलेले नाही. खुर्चीत बसले नाहीत, चहा प्यायले नाहीत, कोणी त्यांना पाहिलेसुद्धा नाही. आपल्याला ते खटकले नाही, कारण त्यांचे नाव जवळपास प्रत्येक वाक्यात होते. संघालाही तेवढेच लागत होते. आपण संचालक मंडळावर सहज निवडून याल.

ठराव मंजूर झाला त्याच दुपारी फिरोज शेख परभणीच्या एसटीत बसले.