दोघां सरदारांनी अंबूताईंचा मंद सूर पार नेला त्याची हकीगत

श्री. नादास नमन असो, ऐकणारांचे कान शाबूत असोत आणि लिहिणाराचा फ्यूज न जावो. शके १९०७, क्रोधननाम संवत्सर, मार्गशीर्ष शुद्ध पंचमी, ते दिवशी सकाळी शाळेच्या मंडपात जे वर्तमान घडले ते यथास्थित लिहितो. मंडपात टेबलावर एक पत्र्याची पेटी होती, लोक तिजला अँप्लिफायर म्हणत, परंतु आत पाहता ते नांदते राज्यच होते. पूर्वद्वारी माइकच्या वायरीने बारीक आवाज येई, इतका बारीक की त्याने माशीही हलू नये, आणि पश्चिमद्वारी स्पीकर महाराज कागदी छाती काढून बसलेले, त्यांस हलवणे थोराचे काम. मध्ये दोन तलाव, एक धन विजेचा व एक ऋण विजेचा, काठोकाठ भरलेले, आणि त्यांच्या दारांवर ट्रान्झिस्टर कुळीचे दोन मातबर सरदार, उदाजीराव व दबाजीराव. आवाजाची लाट वर चढली की उदाजीरावांनी आपले दार तेवढेच उघडून महाराजांची छाती पुढे ढकलावी, आणि लाट खाली उतरली की दबाजीरावांनी आपले दार उघडून ती मागे ओढावी. आवाज कोणी फुगवीत नसे, तलावाची वीजच आवाजाच्या चालीने चालवीत, हे या राज्याचे वर्म. परंतु सरदार म्हटले की मानपान आलाच. रिवाज ऐसा की हुकूम वजनदार असेल तरच गादीवरून उठावे, हलक्या हुकुमास उठणे म्हणजे कुळास बट्टा. तेणेकरून पुढाऱ्यांची भाषणे थाटात पार होत, आणि मंद सुराची लाट एकाकडून दुसऱ्याकडे जाऊ लागली की नेमके दोघेही लोडास टेकलेले, मग सूर तेथेच फाटे.

ते दिवशी अंबूताई घैसास या चाळीस वर्षे गाणे शिकवून शाळेचा निरोप घेणार होत्या. मागील दोन समारंभी त्यांचा खालचा सूर खरखरत निघाला होता आणि लोक हळहळले होते. सकाळी माइक तपासावयास त्यांनी जरा गुणगुणून पाहिले, पुन्हा तीच खरखर, आणि त्या म्हणाल्या, "राहू द्या हो. गळाच गेला माझा. आज एक ओळ म्हणते आणि गाणं कायमचं बंद." हे शब्द पेटीत आले ते निंबाजीने ऐकले. निंबाजी म्हणजे दोघां सरदारांमधला बारका कारभारी, सरदारांस किती जागे ठेवावे हे पाहण्याची त्याची नेमणूक, परंतु धाकापायी ते त्याने कधी केलेच नव्हते. इतक्यात जासूद धावत आला. पश्चिमद्वारी जे निघे त्याचा नमुना मागे आणून आल्या आवाजाशी ताडून पाहणे, हे जासुदाचे काम. तो म्हणाला, "निंबाजीपंत, बाईंचा सूर आत आला तेव्हा अखंड होता. फाटला तो आपल्या घरात." निंबाजीस मोठी लाज वाटली. आळस आपला आणि बोल त्या माउलीच्या गळ्यास!

मग तो हात जोडून सरदारांपुढे उभा राहिला आणि सर्व वर्तमान निवेदिले. उदाजीराव कडाडले, "टिचकीभर हुकुमास आम्ही उठावे? उद्या डास गुणगुणला तरी उठवशील!"

"उठू नका साहेब, पण बसूही नका. अर्धे उठून दारावर हात ठेवा आणि थेंब थेंब वाहू द्या. म्हणजे लाट इकडून तिकडे जाताना कोणाचा तरी हात तयार सापडेल."

"आणि अंग तापेल त्याचे काय?" दबाजीराव म्हणाले. "तापलो की दार अधिक उघडते, अधिक वाहते, मग अधिक तापतो. आमचे काका याच पायी कोळसा झाले."

"मी आपल्या पाठीस पाठ लावून बसतो. आपण तापलात की मीही तापेन, आणि तापलो की लगेच आपली दारे थोडी ओढून घेईन. चुकलो तर तिघे मिळून जळू."

जळावयास सोबत येतो म्हणणारा सरदारांस आजवर कोणी भेटला नव्हता. दोघांनी एकमेकांकडे पाहिले, पागोटी सावरली आणि गादीवरून अर्धे उठले.

त्याउपरि अंबूताई आल्या, माइकपुढे उभ्या राहिल्या आणि अगदी खालचा सूर लावला. लाट चढली, उतरली, उदाजीरावांच्या हातून दबाजीरावांच्या हाती गेली आणि मधला सांधा कोणास कळला नाही. निंबाजीची पाठ पोळली, त्याने दारे जरा ओढली, पाठीमागच्या अल्युमिनियमच्या पात्यांनी उष्मा बाहेर टाकला आणि सरदार निवले. जासुदाने नमुना ताडला, त्यास सांगण्याजोगे काही सापडले नाही. ओळ संपली. बाई थांबल्या, आणि माइकपासून तोंड न फिरवता स्वतःशीच पुटपुटल्या, "अगंबाई, आहे की अजून!" सरदारांनी उठावे ऐसे त्या शब्दांत वजन मुळीच नव्हते. तरी दोघांनी ते मोठ्या अदबीने उचलून महाराजांच्या छातीवर घातले, सारा मंडप हसला, आणि बाईंनी दुसरी ओळ उचलली.

एवंच, मानपानाचा रिवाज मोडला, कोणी जळले नाही, आणि बाईंनी त्या दिवशी अकरा गाणी म्हटली. पंगत दोन तास खोळंबली, त्याची तक्रार कोणी केली नाही. हकीगत समाप्त.