अपयश नियोजन समिती

ऐन स्पर्धेच्या हंगामात शाळेच्या रोबो-चमूवर संकट कोसळले. रोबो पहिल्याच प्रयत्नात चालला.

नुसता चालला असता तर निभावून नेता आले असते. पण प्रयोगशाळेच्या फरशीवर मांडलेले सहाही चेंडू त्याने एकामागून एक उचलले, टोपलीत टाकले आणि नियमाप्रमाणे मूळ जागी येऊन तो थांबला. मार्गदर्शक सरांनी कपाळाला हात लावला. रोबो बनवणारी नववीतली मुलगी, दप्तरात कायम पक्कड बाळगते म्हणून जिला सगळे पक्कडच म्हणत, ती टाळ्यांची वाट पाहत उभी होती. टाळ्या वाजल्या नाहीत. मुख्याध्यापिका बाईंना तातडीने पाचारण करण्यात आले.

"पूर्ण चालतो?" बाईंनी दारातूनच विचारले.

"हो, मॅडम," सर म्हणाले.

"काहीच बिघाड नाही? नीट बघितलंत?"

"पुन्हा पुन्हा बघितलं. दरवेळी चालतो."

बाई मटकन खुर्चीत बसल्या. "अजून बाहेर कोणाला कळलं नाही ना?"

बाहेरच्या माणसाला ही घबराट समजायची नाही, म्हणून खुलासा करणे भाग आहे. स्पर्धेच्या शंभर गुणांपैकी मैदानात रोबो चालवण्याला वीस गुण आहेत, सांघिक भावनेला वीस आणि 'अपयशातून शिक्षण' या सदराला साठ. रोबो काय, कोणीही चालवील. पण तोंडावर आपटणे, खचणे आणि कॅमेऱ्यासमोर पुन्हा उभे राहणे याला जिगर लागते, असे आयोजकांचे मत आहे. गेल्या वर्षी पहिल्या आलेल्या शाळेचा रोबो जळून खाक झाला होता. मुलांनी त्याची राख काचेच्या बरणीत आणली, आणि परीक्षक त्या बरणीपुढे उभे राहून ढसाढसा रडले. या शाळेकडे दाखवायला काय होते? तर चालणारा रोबो. कोणत्या तोंडाने जायचे?

दुसऱ्याच दिवशी अपयश नियोजन समिती स्थापन झाली. बाई पदसिद्ध अध्यक्षा, सर सचिव. समितीने वेळापत्रक लावले: सोमवारी हात निकामी होणे, मंगळवारी चाक, बुधवारी चमूत मतभेद, गुरुवारी मनोमीलन, आणि शुक्रवार राहून गेलेल्या अपयशांसाठी राखीव. हुंदके शिकवायला नाटकाच्या बाईंना जादा तास दिले. पक्कडकडून कर्णधारपद काढून 'गळका' नावाने ओळखल्या जाणाऱ्या मुलाकडे सोपवण्यात आले. गळक्याला रोबोतले ओ की ठो कळत नव्हते, पण त्याला धुळीची ॲलर्जी होती. फळ्याचा डस्टर नुसता जवळ नेला की त्याच्या डोळ्यांना धारा लागत. अशी गुणवत्ता शाळेला रोज सापडत नाही.

सोमवारी ठरल्याप्रमाणे सरांनी रोबोच्या हाताची वायर काढली. तरीही हात हललाच.

"हे कसं काय?"

"दुसरी वायर आहे, सर," पक्कड म्हणाली. "एक सुटली तर असावी म्हणून."

"तुला कोणी सांगितलं होतं दुसरी लावायला?"

"कोणी नाही. सुचलं."

"सुचलं! अगं, अपयशाचा रस्ताच बंद करून ठेवलास तू!"

मंगळवारी एक चाक काढले, तर रोबोने उरलेल्या चाकांवर काम उरकले. बुधवारी मतभेदही होईनात, कारण चमूतल्या सगळ्यांचे पक्कडशी छान पटत होते. इतके शिकवूनही पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी तिच्या आईला शाळेत बोलावणे धाडले.

"मुद्दाम करते का हो ही?" बाईंनी विचारले.

"घरीही असंच आहे, मॅडम," आई शरमून म्हणाली. "सायकल शिकली तीसुद्धा न पडता. गुडघ्यावर एक खूण नाही. मी तेव्हाच ह्यांना म्हटलं होतं, हे काही बरं लक्षण नाही." मग ती लेकीकडे वळली. "पडू दे की गं एकदा! चारचौघांचे पडतात. तुझ्याच रोबोला काय सोनं लागलंय?"

"पडू दे," पक्कड म्हणाली. "पण मला तो एकदा खऱ्या मैदानात चालवायचाय. स्पर्धेच्या. एवढंच."

"चालव की!" सर म्हणाले. "परीक्षकांपुढची मुलाखत झाली की लगेच. शब्द देतो."

राखीव शुक्रवारी सरांनी स्वहस्ते रोबो जिन्यावरून खाली सोडला. फोटोग्राफर म्हणाला, उजेड पाठीमागून येतोय. पुन्हा सोडला. त्या वेळी गळका शिंकला, म्हणून आणखी एकदा. या खेपेला रोबोचा हात मोडला, फोटो सुरेख आला आणि बाईंनी सगळ्यांना खाऊ वाटला.

पक्कड जिन्याखाली बसून तुकडे गोळा करत होती. "जोडू का, सर?"

"हात लावू नकोस! जोडलेला असला की संघर्ष दिसत नाही."

तिला भयंकर राग आला. पण राग स्पर्धेच्या कोणत्याही सदरात बसत नसल्याने त्याची दखल घेण्यात आली नाही.

स्पर्धेच्या दिवशी सभागृहाचे इस्पितळ झाले होते. कोणाचा रोबो बँडेजमध्ये, कोणाचा स्ट्रेचरवर. एका शाळेने तर रोबो आणलाच नव्हता, काळ्या चौकटीतला त्याचा फोटो तेवढा आणला होता. गळक्याचे भाषण बहारदार झाले. डस्टर खिशातच होता. मग मुख्य परीक्षक पक्कडकडे वळले.

"बाळ, हे सगळं सोडून द्यावं असं तुला कधी वाटलं?"

"वाटलं. रोबो जिन्यावरून टाकला तेव्हा."

"कोणी टाकला?"

"सरांनी. तीनदा."

सरांचा चेहरा पांढराफटक पडला. परीक्षकांनी चष्मा काढून डोळे पुसले. "तीनदा," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. "मुलांनी सावरायला शिकावं म्हणून, स्वतःच्या हातांनी! असा शिक्षक मिळायला भाग्य लागतं." साठपैकी साठ गुण, आणि सरांना वेगळे प्रशस्तिपत्र.

टाळ्यांच्या कडकडाटात पक्कडने सरांची बाही ओढली. "सर, आता मैदान?"

सभागृहाच्या मधोमध आखलेल्या मैदानात बक्षीस समारंभाच्या खुर्च्या मांडलेल्या होत्या. यंदा एकाही शाळेचा रोबो चालण्याजोगा नव्हता, तेव्हा आयोजकांनी जागेचा सदुपयोग केला होता. स्पर्धेचे चेंडू पिशवीतून बाहेरही निघाले नव्हते.

समारंभ आटोपून फोटोंसाठी रांग लागली, तेव्हा पक्कडने एकटीने खुर्च्या बाजूला ओढल्या. मोडक्या हाताला फूटपट्टी करकचून बांधली, चेंडू मांडले आणि बटण दाबले. रोबोने पहिला चेंडू उचलला.

बाहेर निघालेले परीक्षक थबकले. "हा चालतो?"

"छे छे, साहेब!" सर धावत आले. "अपघात आहे हा. पुन्हा होणार नाही."

"असू दे. लहान आहेत, चुकायचेच," परीक्षक उदारपणे म्हणाले आणि निघून गेले.

"बंद कर तो आधी!" सर खेकसले.

"शब्द दिला होतात, सर," ती म्हणाली आणि हात मागे बांधून उभी राहिली.

रोबोने सहाही चेंडू टोपलीत टाकले आणि तो जागेवर येऊन थांबला. रांगेतल्या कोणी मान वळवली नाही. आईने मात्र हाक मारली, "ये गं लवकर, ट्रॉफीबरोबर फोटो राहिलाय! आणि येताना जरा रडवेली ये!"

पक्कड रडवेली झाली नाही. तिने बॅटरी काढली, चेंडू पिशवीत भरले, खुर्च्या जागच्या जागी लावल्या.

वाचकहो, हा शेवट तुम्हाला जरा कोरडा वाटला असणार. तो मोडका हात एकदा तरी थरथरायला हवा होता. शेवटचा चेंडू निसटायला हवा होता, पोरीचे डोळे भरून यायला हवे होते. मग तुमचाही गळा दाटला असता आणि तुम्ही ही गोष्ट चार जणांना पाठवली असती. तसे काही झाले नाही. रोबो नीट बनवला होता, म्हणून नीट चालला. त्याला तुम्ही साठपैकी किती दिलेत, ते तुमचे तुम्हाला ठाऊक.