मेहुण्याच्या पानातले नवे बटाटे

जुलैचा शेवटचा रविवार उजाडला आणि मॅलकीच्या वाफ्यातले बटाटे होते गोट्यांएवढे. त्याने एक रोप उपटून पाहिलं आणि कोणी बघायच्या आत होतं तिथे खोचून ठेवलं.

आयर्लंडच्या मेयो परगण्यात या रविवारी ज्याच्या घरी वाफ्यातला नवा बटाटा शिजत नाही, त्याला कोणी शेतकरी म्हणत नाही. पणज्यांच्या काळी शेतातला बटाटा कुजून दुष्काळ पडला, तेव्हा गावंच्या गावं ओस पडली होती. तेव्हापासून इथली माणसं एक वेळ पाद्रीबाबांची थट्टा खपवून घेतील, बटाट्याची नाही. त्यात जेवायला येणार होता फिंटन, बायकोचा, म्हणजे नोरीनचा, थोरला भाऊ. लागोपाठ दोन वर्षं तो इथे कोबीवर जेवून गेला होता आणि ते गावभर सांगत सुटला होता. मागच्या खेपेला तो गेल्यावर नोरीन कितीतरी वेळ एकच ताट घासत उभी होती. मॅलकीला तेच फार लागलं होतं.

म्हणून चर्चमधली सकाळची मिस्सा आटोपून येताना त्याने दुकानातून बटाटे घेतले. पांढरे संपत आले होते, तेव्हा दुकानदारणीने वजनाला तीन लाल टाकले. नोरीन अकराच्या मिस्सेला गेल्यावर त्याने ते सगळे कोपऱ्यातल्या रोपाखाली पुरले. आता पाहुण्यांदेखत आपणच खणायचं, की काम झालं.

पण फिंटनने आल्या आल्या फावडं हातात घेतलं. "तुमची कंबर सांभाळा, दाजी. मी काढतो." आणि तो थेट मधल्या ओळीकडे निघाला.

"तिकडे नको. कोपऱ्यातलं खणा."

"का? हे तर चांगलं तरारलंय."

"त्याला वारा लागलाय."

"वारा सगळ्या मेयोला लागलाय," म्हणत फिंटन कोपऱ्याकडे वळला. फावडं रुतलं आणि मातीतून आठ पांढरे, तीन लाल बटाटे वर आले. वर आलेल्या रोपाला मात्र त्याच्या हक्काच्या गोट्या तशाच लोंबत होत्या.

नोरीन दारातून हात पुसत आली. "अगबाई, एका रोपाला दोन रंग?"

"बियाणंच तसलं आहे," मॅलकी म्हणाला. त्याची पाचावर धारण बसली होती.

फिंटनने एक बटाटा अंगठ्याने चोळला. माती भसकन गळून पडली आणि आत धुतलेली, चकचकीत साल दिसली. त्याने बटाट्याकडे पाहिलं, मग मॅलकीकडे, मग बहिणीकडे. तिचा चेहरा दोन वर्षांत पहिल्यांदा असा खुलला होता.

"पाणी ठेव, नोरीन," तो मोठ्याने म्हणाला. "लोणी सढळ हाताने घाल. दाजींनी यंदा माझं तोंड बंद केलं."

ती लगबगीने आत गेली. फिंटनने बुटाने गोट्या मातीत दाबल्या आणि मॅलकीच्या कानाशी वाकला.

"दाजी, घ्यायचे तर एकाच रंगाचे घ्यावेत. आणि शुक्रवारीच पुरावेत, म्हणजे माती धरते. माझं हे चौथं वर्ष आहे, बायकोला अजून पत्ता नाही."