तीन क्रेडिटचा विद्यार्थी

काउंटरवरच्या माणसानं यादी वरून खाली पाहिली, मग खालून वर पाहिली, आणि आभा खांबेटे नावाची कुणीही विद्यार्थिनी या वर्गात नाही असं सांगितलं.

"नीट बघा," उपेंद्र म्हणाला. "फॉर्म मी स्वतः भरलाय."

हे त्यानं अशा थाटात सांगितलं, की जणू विषय तिथंच संपला. त्याच्यापुरता तो संपलाही होता. आखातात, जुमेरा लेक टॉवर्समधल्या एका शिपिंग कंपनीत तो डॉक्युमेंटेशन मॅनेजर होता आणि अठरा वर्षांत त्याच्या हातून गेलेला एकही कागद चूक म्हणून परत आला नव्हता. इंटरनॅशनल सिटीतल्या त्यांच्या बिल्डिंगमध्ये कुणाचा व्हिसा असो, कुणाच्या पोराचा शाळाप्रवेश असो, नाहीतर कुणाच्या सासूचा मेडिकल इन्शुरन्स, लोक फॉर्म घेऊन उपेंद्रच्या दारात. हाही पठ्ठ्या चष्मा पुसून बसायचा आणि आधी सगळ्यांना गप्प राहायला सांगायचा.

काउंटरवरचा माणूस दापोलीकडचा निघाला, नाव खैरुद्दीन. खांबेटे हे नाव ऐकून तो हिंदीवरून सरळ मराठीवर आला.

"खांबेटे आहे साहेब एक. पण आभा नाय. उपेंद्र खांबेटे. हा कोण, मुलीचा भाव?"

"मी," उपेंद्र म्हणाला.

आभानं डोळे मिटून घेतले. सोळा वर्षं या बापाबरोबर काढल्यामुळं पुढं काय होणार याचा तिला अंदाज आला होता.

आता झालं होतं ते असं. आभा अकरावीत. तिच्या शाळेतल्या मुलांना एका कॉलेजनं सोय करून दिली होती, की शाळेत असतानाच दर शनिवारी येऊन कॉलेजचा एक विषय शिकायचा. पास झालं की त्याचे तीन क्रेडिट नावावर जमा होतात आणि पुढं खऱ्या कॉलेजात तो विषय करावा लागत नाही. सांगलीला उपेंद्रच्या आईला, मनोरमाबाईंना, हे फोनवर समजावण्यात अर्धा तास गेला होता. आपल्याकडे अकरावी म्हणजे कॉलेजच की रे, मग ती इतके दिवस कुठं जात होती, एवढंच त्या विचारत राहिल्या. आभानं मात्र 'पब्लिक स्पीकिंग' हा विषय स्वतः निवडला होता. चारचौघांत बोलायची तिला भीती वाटायची आणि ती भीती तिला घालवायची होती. फॉर्म ती स्वतःच भरणार होती. पण घरात उपेंद्र असताना दुसऱ्या कुणी फॉर्म भरायचा म्हणजे त्याचा अपमानच.

त्यानं मोबाइलवरच्या आपल्या डिजिटल ओळखपत्रानं लॉगिन केलं. घरातलं सगळं त्याच्याच नावावर होतं, वीज, भाडं, मुलीचं सिमसुद्धा, त्यामुळं त्याला त्यात वावगं काही वाटलं नाही. लॉगिन होताच विद्यार्थ्याच्या जागी त्याचं नाव आपोआप येऊन बसलं. नाव ओळखीचं दिसलं, म्हणून तो पुढं गेला.

"पण दहावीची मार्कशीट आभाची लावलीय ना मी," उपेंद्र म्हणाला. "तुम्ही लोकांनी ती तपासली नाही?"

खैरुद्दीननं स्क्रीन त्याच्याकडे वळवली. मार्कशीटवर स्वच्छ अक्षरांत लिहिलं होतं, आभा उपेंद्र खांबेटे. तपासणाऱ्या फिलिपिनो मुलीनं उपेंद्र शोधला, तिला तो मधोमध सापडला, खांबेटेही सापडला, आणि तिनं पास करून टाकलं. आपल्या लोकांत बापाचं नाव पोरांच्या नावात मधोमध बसवायची पद्धत आहे, हे त्या बिचारीला कुणी सांगितलं असणार?

बरं, मग आता नाव बदलून द्या म्हटलं, तर तेवढंही सोपं नव्हतं. प्रवेश बंद झाले होते. उपेंद्रनं नाव काढून घेतलं तर जागा वेटिंग लिस्टला जाणार, आणि वेटिंगवर चौदा मुलं. सलग दोन शनिवार तो गैरहजर राहिला तरी जागा गेली. एकच वाट होती, नावदुरुस्तीचा अर्ज. तो चौथ्या शनिवारी दुपारी बारापर्यंत मंजूर झाला पाहिजे.

"तोवर तुम्ही बसा वर्गात," खैरुद्दीन म्हणाला. "आणि ह्या अर्जात एकच सवाल आहे. चूक कोणाची? विद्यार्थी, कॉलेज, सिस्टीम. तुम्ही विद्यार्थीवर टिक करा, साहेब. मग कुणाला विचारावं लागत नाय, मीच सही करतो. पाच मिनटांचं काम."

"विद्यार्थी म्हणजे मी?"

"सध्या तुम्हीच."

उपेंद्रनं पेन उघडलं, अर्ज दोनदा वाचला आणि 'सिस्टीम'वर टिक केली. खैरुद्दीनला त्यानं समजावलंही, की ज्या सिस्टीमला सत्तेचाळीस वर्षांचा माणूस अकरावीत दिसतो, तिच्यात दोष नाही तर काय? खैरुद्दीननं इन्शाल्ला म्हणून अर्ज ठेवून घेतला.

अशा रीतीनं उपेंद्र खांबेटे पंचवीस मुलामुलींच्या वर्गात मागच्या बाकावर जाऊन बसला. शिकवणाऱ्या उमैमा मॅडम त्याच्यापेक्षा दहाबारा वर्षांनी लहान होत्या. त्यांनी आधी त्याला पालक समजून बाहेर थांबायला सांगितलं, मग यादी पाहिली, आणि मग फार सभ्यपणे त्याचा फोन मागितला. वर्गात फोन पेटीत ठेवायचा नियम होता. मुलं त्याला 'अंकल' म्हणू लागली. आभा खाली कँटीनमध्ये पुस्तक उघडून बसली, कारण दुरुस्ती कुठल्याही क्षणी होईल असं बाबानं सांगितलं होतं.

तास संपायच्या आत घरी मृणालिनीच्या फोनवर मेल पोचला. फॉर्ममध्ये पालक म्हणून उपेंद्रनं बायकोचं नाव घातलं होतं. 'आपला पाल्य उपेंद्र याने पहिल्याच दिवशी फोन देण्यास टाळाटाळ केली. कृपया घरी समज द्यावी.' मृणालिनीनं तो मेल तीन वेळा वाचला आणि जपून ठेवला. लग्नाला एकोणीस वर्षं झाली होती, आणि या नवऱ्याला समज देण्याचा अधिकार तिला आज लेखी मिळत होता.

गुरुवारी उत्तर आलं. कॉलेजच्या तंत्रज्ञांनी सिस्टीम तपासली, दोष आढळला नाही, अर्ज बंद.

दुसऱ्या शनिवारी त्यानं 'कॉलेज'वर टिक केली. मार्कशीट नीट न वाचणं हा कॉलेजचा हलगर्जीपणा होता असं त्याचं म्हणणं, आणि ते त्यानं सोबत दोन पानी पत्रात मुद्देसूद मांडलं. त्या पत्रापायी खैरुद्दीनलाच वर बोलावलं गेलं आणि लेखी खुलासा द्यावा लागला. पुढचा गुरुवार आला, उत्तर आलं. कागदपत्रांवर अर्जदाराचं नाव आहे, कॉलेजची चूक नाही, अर्ज बंद. सोबत मृणालिनीला एक मेल होताच. पाल्य वर्गात शेजारच्या मुलांचे फॉर्म तपासून देतो, त्यामुळे लक्ष विचलित होते.

"अरे, टिक कर ना त्या विद्यार्थ्यावर," मृणालिनी म्हणाली. "काय झिजणार आहे तुझं?"

"प्रश्न टिकचा नाही, मृणाल. रेकॉर्डचा आहे. एकदा लिहून दिलं ना, की ते कायम राहतं."

पडलो तरी नाक वर म्हणतात ते हेच. तिसऱ्या शनिवारी तर त्यानं कमाल केली. अर्जावर पट्टीनं आखून चौथा चौकोन काढला, त्यापुढं सुबक अक्षरात 'इतर' असं लिहिलं आणि त्यावर टिक केली. खैरुद्दीननं तो कागद परत सरकवला. खुलासा लिहून आल्यापासून तो साहेबांशी कामापुरतंच बोलत होता. उपेंद्रच्या आयुष्यात परत आलेला हा पहिला कागद. गाडीत बसेपर्यंत तो त्याच्याकडेच बघत होता.

त्याच दिवशी मॅडमनी गृहपाठ दिला. पुढच्या वेळी प्रत्येकानं तीन मिनिटं बोलायचं, वीस मार्क, विषय 'माझी एक चूक'. उपेंद्रनं हात वर करून विषय बदलून मिळेल का विचारलं. मिळणार नव्हता.

आठवडाभर तो ऑफिसातून आला की भाषण लिहायचा आणि आभा ऐकायची. पहिल्या मसुद्यात आपण लोकांवर फार विश्वास ठेवतो, ही चूक होती. दुसऱ्यात चूक एका क्लायंटची होती. तिसऱ्यात सांगलीच्या मुन्सिपालटीची.

"बाबा, धिस इज अ कम्प्लेंट," आभा म्हणाली. "मिस्टेक कुठंय?"

शुक्रवारी संध्याकाळी तो चौथा मसुदा घेऊन तिच्या खोलीत गेला. तर तिनं तो ऐकायला घेतलाच नाही. अगदी शांतपणे म्हणाली, "इट्स ओके, बाबा. मी शाळेत टीचरना सांगितलंय की मी कोर्स ड्रॉप करतेय. तू उद्या नको जाऊ."

"का? तुला करायचा होता ना?"

"होता. पण तुला ते एक टिक करायला इतका त्रास होतोय, की मलाच गिल्टी वाटतंय."

ती चिडली असती तर त्याला बरं वाटलं असतं. चिडलेल्या माणसाला उत्तर देता येतं, त्यात तो पटाईत होता. पण पोरगी त्याला सांभाळून घेत होती, आणि त्यासाठी स्वतःची हौस गुंडाळून ठेवत होती. उपेंद्रला फार वाईट वाटलं. तीन शनिवार ती कँटीनमध्ये एकटी बसून राहिली होती, आणि आपण पट्टीनं चौकोन आखत होतो, हे त्याच्या पहिल्यांदाच नीट ध्यानात आलं. मसुदा त्यानं फाडून टाकला. सकाळी तिला उठवून एवढंच म्हणाला, चल, यल्ला, गाडीत बस.

वर्गात त्याचा नंबर साडेअकराला लागला. तो उभा राहिला, घसा साफ केला, आणि इंग्रजीत सुरुवात केली, की माझी चूक म्हणजे मी या वर्गात आहे. मुलं हसली. मग त्यानं सगळं सांगितलं. विद्यार्थ्याच्या रकान्यात स्वतःचं नाव दिसलं तेव्हा आपण ते वाचलंच नाही, कारण आपल्याला वाचायची गरजच नसते असं आपल्याला वाटतं. सिस्टीमला दोष दिला, कॉलेजला दिला, एका भल्या माणसाला खुलासा लिहायला लावला. पुढं इंग्रजी संपलं तशी हिंदी आली, हिंदीत थोडी मराठी मिसळली, पण थांबवलं कुणीच नाही. मुलगी खाली कँटीनमध्ये बसलीय आणि ही जागा तिची आहे, हे त्यानं दोनदा सांगितलं. तीन मिनिटांची साडेचार झाली. मुलांनी बाकं वाजवली आणि मॅडमनी वीसपैकी सतरा मार्क दिले. दोन जास्तीच्या वेळेचे कापले, एक मराठीचा.

बाराला बारा मिनिटं असताना तो काउंटरवर पोचला. 'विद्यार्थी'वर टिक केली, खाली कुणी न विचारता 'चूक सर्वस्वी माझी' असं लिहिलं, आणि खैरुद्दीनची माफी मागितली.

"खलास, साहेब," खैरुद्दीन म्हणाला. सही केली, शिक्का मारला आणि स्वतः कँटीनमध्ये जाऊन आभाला वर घेऊन आला. "बेटा, जा. तुझा वर्ग."

बापाची हजेरी तिला लागू झाली, मार्क मात्र नाही. भाषण ज्याचं त्यानंच करायचं, मॅडमनी स्पष्ट सांगितलं. पुढच्या शनिवारी आभाचा नंबर होता आणि विषय तोच.

त्या शनिवारी उपेंद्र घरीच होता. दोनदा गॅलरीत जाऊन आला, एकदा मृणालिनीला विचारलं की काही मेल आला का. तिनं सांगितलं, की आता तिचा पाल्य शहाण्यासारखा वागतो, त्यामुळं मेल येत नाहीत. एक वाजता आभा आली. आल्या आल्या बॅग टाकली, सोफ्यावर बसली आणि म्हणाली की भीती वाटत होती, पण मी बोलले.

"मार्क?" उपेंद्रनं विचारलं.

"नाइन्टीन."

मृणालिनीनं पोरीला जवळ घेतलं. उपेंद्रचा ऊर भरून आला. त्यानं तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि काय बोललीस ते तरी सांग म्हणाला.

आभानं आईकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "सुरुवात अशी होती. माय बिगेस्ट मिस्टेक वॉज, मी फॉर्म बाबांना भरू दिला."

मृणालिनीला हसू आवरेना. उपेंद्र मात्र हसला नाही. त्यानं चष्मा काढून पुसला आणि फोन उचलून खैरुद्दीनचा नंबर शोधायला घेतला.

"आता कुणाला फोन?" मृणालिनीनं विचारलं.

"हा अन्याय आहे," उपेंद्र म्हणाला. "मला सतरा आणि हिला एकोणीस? चूक माझी होती. लेखी दिलंय मी."